खाडीवर संशोधन करायचंय म्हटलं, तर कॅन्सस दाखवलं (५ पैकी २ तारे)

परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणारं छत्रपती संभाजीनगरचं एक ऑफिस. नाव लिहीत नाही, माझे कागद अजून त्यांच्याकडंच आहेत. फी अठरा हजार, दोन हप्त्यांत. अण्णा म्हणाले, "समिंदर बघायला अठरा हजार?" पण दिले.

मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलंय. गाव पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. आमचं खालचं वावर क्षारपड झालंय, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, तूर हातभर होऊन पिवळी पडते. एमएस्सीच्या सहलीत वेंगुर्ल्याच्या खाडीत तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं, पान चाटून पाहिलं, तर खारट! हे झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मला वावरच आठवलं.

मला विचारायचा प्रश्न साधा होता. समुद्राची पातळी वाढली की खारफुटी जमिनीकडं सरकू बघते. पण कोकणात आड खारबंधारा, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध, उभा असेल तर ती जाणार कुठं? ऑफिसातल्या बाईंनी हे अर्जातून काढून टाकलं, "फार टेक्निकल होतंय." त्याजागी आलं: लहानपणापासून मला समुद्राची ओढ होती. अहो, मी पहिल्यांदा समुद्र बघितला तो बाविसाव्या वर्षी!

विद्यापीठांच्या यादीत अमेरिकेच्या मधोमधलं कॅन्सस निघालं. त्यापेक्षा परभणीहून समुद्र जवळ. असं काहून, ते नंतर कळलं. अशा बऱ्याच कन्सल्टन्सींना फी भरून येणाऱ्या विद्यार्थ्यामागं विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. मला पाहिजे होती प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधली जागा, जिथं असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच काम, मिळाली तर फी माफ होते आणि वर महिन्याला पैसे मिळतात. त्यात यांना काय मिळणार? अशा जागेसाठी आधी प्रोफेसरलाच मेल टाकावा लागतो, आणि तोही अर्जाच्या मुदतीच्या दोन-तीन महिने आधी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ही मुदत डिसेंबरात संपते. मला हे तिथं कुणी सांगितलं नाही. त्यांनी करून दिलेला मेल "रिस्पेक्टेड सर"नं सुरू होत होता. प्रोफेसर बाई होत्या.

भारतातल्या वाटांबद्दल तर चकार शब्द नाही. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे, भावनगरला सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या संस्थेत खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींवर काम चालतं. हे मला आमच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, चहाच्या टपरीवर, फुकट.

दोन तारे कशाला मग? ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचा सगळ्या मार्कांचा अधिकृत उतारा), मार्कांचं रूपांतर, पासपोर्टमधली आडनावाची चूक, ही कामं तिथल्या एका पोरीनं चोख केली. एमबीए-इंजिनिअरिंगवाल्यांनी खुशाल जावं.

प्रोफेसरबाईंना मेल मी परत लिहिला, खारबंधाऱ्यासकट आणि आमच्या वावरासकट. चार दिवसांत उत्तर आलं: त्या वावराच्या मातीचे आकडे आहेत का? माती परीक्षणाला टाकलीय. सीलबंद ट्रान्सक्रिप्टची दोन पाकिटं मात्र त्या ऑफिसातच आहेत, शनिवारी जाऊन आणते.