नवऱ्याचं दिवाळं आणि दोघांची गाडी: तडजोड की नादारी, ठेवायची की विकायची?

दाजींचं कुपवाड एमआयडीसीतलं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा ताईनं मला पहिला फोन केला तो गाडीसाठी. "गाडी नेतील का गं?" मी तिला उलट विचारलं, "तुझी सही कुठे कुठे आहे?" तिला आठवेना. मग दोन संध्याकाळी आम्ही कपाटातल्या फायली काढून बसलो. बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जखात्यावर, तिची सही नव्हती. गाडीच्या कर्जात ती सहकर्जदार होती. पतसंस्थेत जामीनदार होती, आणि ही सही केल्याचं ती साफ विसरली होती.

तुमच्याही घरात अशी वेळ आली असेल, तर बाकी कशाच्याही आधी हे काम करा. नवऱ्याचं कर्ज केवळ लग्नामुळे बायकोवर येत नाही, आणि बायकोचं नवऱ्यावरही येत नाही. ते येतं सहीमुळे. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढला, की तो जामीनदारावरही चालतो.

एकरकमी तडजोड की नादारीचा अर्ज?

बोलताना आपण "दिवाळखोरी जाहीर करू" असं सहज म्हणतो. नादारी म्हणजे तीच, न्यायालयात अर्ज करून. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, पण तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. दाजींसारख्या एकट्याच्या धंद्याला अजून जुनाच कायदा लागतो: मुंबईत 1909 चा, उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा. मुंबईत उच्च न्यायालय, बाहेर जिल्हा न्यायालय. कायदा किती जुना आहे ते त्याच्या आकड्यांवरूनच कळतं. 500 रुपये कर्ज असलं तरी 1920 च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. आणि नादार ठरलेल्या माणसानं मुक्त होण्याआधी, आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपये जरी उधार घेतले, तरी तो गुन्हा ठरतो.

नादारीचा फायदा असा, की ज्यांचे पैसे द्यायचे ते सगळे देणेकरी एका जागी येतात. मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे न्यायालयानं नेमलेल्या माणसाकडे जाते आणि रोज वेगवेगळ्या दाराशी उभं राहणं थांबतं. पण हे प्रकरण लांबतं. सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी त्यातून सुटत नाहीत. बायकोसाठी सगळ्यात महत्त्वाचं हे, की नवरा नादारीतून मुक्त झाला तरी सहकर्जदार आणि जामीनदार मुक्त होत नाहीत. म्हणजे ताईच्या दोन्ही सह्या जशाच्या तशा राहिल्या असत्या. तारण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्कही नादारीनं थांबत नाही. कर्जाची गाडी वाचवायला कुणी नादारीचा सल्ला देत असेल, तर तो ऐकू नका.

एकरकमी तडजोडीत, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवताना, प्रत्येक सावकाराशी वेगळं बसावं लागतं आणि हातात रोकड लागते. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" असा शेरा पडतो. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या नियमांनुसार, शेतीकर्ज सोडता, तडजोड केलेल्या कर्जदाराला ती बँक किमान 12 महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. तरीही देणेकरी तीन-चारच असतील आणि माहेरून, पीएफमधून किंवा जागा विकून काही रक्कम उभी राहत असेल, तर मी तडजोडीच्या बाजूनं आहे. तिथे सहकर्जदाराची सुटका कागदावर मागून घेता येते. मागूनच घ्यावी लागते, कारण एका कर्जदाराला सोडलं म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. तडजोडीच्या पत्रात तुमचं नाव आणि "काही येणे नाही" हे शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका. तोंडी शब्दावर तर अजिबात नको.

देणेकरी दहा-पंधरा असतील, खाजगी सावकारही असतील आणि विकायला काहीच उरलं नसेल, तर मात्र वकिलाला नादारीबद्दल विचारा.

घरखर्चाचा पैसा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखे रीतीप्रमाणे अंगावरून न उतरवायचे दागिने आणि पीएफ यांवर जप्ती येत नाही. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार 40,000 असेल तर 27,000 हाताला लागतात, जास्तीत जास्त 13,000 जप्त होऊ शकतात. तुमची सही कुठेच नसेल, तर तुमच्या पगाराला कुणी हात लावू शकत नाही. फक्त तो पगार, नवऱ्याचं कर्ज आहे त्याच बँकेतल्या संयुक्त खात्यात येऊ देऊ नका. दुसऱ्या बँकेत एकटीचं खातं उघडा, त्याच आठवड्यात. आणि नवऱ्यानं 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विमा काढला असेल, तर ती पॉलिसी नीट जपा. तिच्यावर देणेकऱ्यांचा हक्क नाही.

आता गाडी

आपण म्हणतो गाडी दोघांची, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव एकाचंच असतं. आरसी तुमच्या नावावर आणि हप्तेही तुमच्या पगारातून गेलेले असतील, तर गाडी तुमची. बँकेची स्टेटमेंट काढून ठेवा, कुणी हरकत घेतली तर तीच कामाला येतात. आरसी नवऱ्याच्या नावावर आणि कर्जात तुम्ही सहकर्जदार, ही सगळ्यात वाईट जोडी. मालकी त्याची, देणं दोघांचं. ताईचं तेच होतं.

"आत्ताच गाडी माझ्या नावावर करून घेऊ का?" हे तिनंही विचारलं होतं. करू नका. नादारीचा अर्ज अशा हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत झाला, तर योग्य मोबदला न देता केलेलं हस्तांतर न्यायालय रद्द करू शकतं.

उरतात तीन वाटा. समजा कर्जाची बाकी 3 लाख 60 हजार आहे आणि बाजारात गाडीला 4 लाख 10 हजार मिळतील.

ठेवायची, तर हप्ता, विमा आणि पेट्रोल सगळं एका पगारातून. गाडी कमावती असेल, म्हणजे टेम्पो, टॅक्सी, मालाची पिकअप, तर ठेवा, तिच्यावर घर चालतं. रविवारी देवाला जायची गाडी असेल तर ठेवू नका.

विकायची, तर हप्ते सुरळीत असतानाच. फायनान्सवाल्यांकडून फोरक्लोजर लेटर घ्या, म्हणजे कर्ज आत्ता मिटवायला किती भरायचे ते पत्र. घेणाऱ्याचे पैसे थेट कर्जखात्यात भरून घ्या. मग त्यांची एनओसी, आरसीवरची कर्जाची नोंद काढायला फॉर्म 35, आणि नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. मुदतीआधी कर्ज मिटवण्याचे शुल्क वजा जाऊनही समजा 40,000 उरले, तर दोन महिन्यांचं वाणसामान आणि मुलांची फी निघते. आरसीवरचं नाव बदललं की नाही ते स्वतः तपासा. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे, की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो.

परत द्यायची, ही वाट सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात महाग पडते. लिलावात तीच गाडी 3 लाखांना गेली, तर उरलेले 60,000, शिवाय यार्डाचं भाडं, हे सगळं तुमच्याच नावावर राहतं.

ताईनं पाच महिने आपल्या पगारातून हप्ते भरले, सहावा चुकला, सातवाही चुकला. शेवटी एका सकाळी दोन माणसं आली. तिनं डॅशबोर्डवरचा गणपती काढून पदरात घेतला, मागच्या सीटखालची लेकीची छत्री काढली आणि किल्ली दिली. पावती मागायचं तिला सुचलंच नाही. नंतर स्टेपनी नसल्याचे पैसेही तिच्याकडून मागितले गेले. म्हणून सांगते, ताबा देताना किलोमीटर, टायर, स्टेपनी, टेप सगळ्याची यादी करून समोरच्याची सही घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि लिलावाची तारीख लेखी मागा. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे त्यांना फोनवरच सुनवा.

पहिल्या महिन्यात विकली असती तर ताईला गाडीचं देणं राहिलंच नसतं. मी तेव्हा ठामपणे म्हटलं नाही, कारण त्या घरात आधीच एवढं काही गेलं होतं, की दारातली गाडी जा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. ते मला अजून लागतं.

वकिलाच्या फीच्या धास्तीनं ती दीड वर्ष कुणाकडेच गेली नव्हती. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 1987 च्या कायद्यानुसार तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न ठेवता. सगळ्या कर्जांच्या कागदांच्या झेरॉक्स आणि सहा महिन्यांची स्टेटमेंट घेऊन जा.