तासाभराची चावी : जीआरपीसी सेवांसाठी स्पायर वापरताना

आमच्या प्रणालीतील चाळीसेक सेवा (स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्रॅम) एकमेकींशी जीआरपीसीने, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकींची कामे मागवण्याच्या पद्धतीने, बोलतात. दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र तपासणारे टीएलएस (संवाद कूटबद्ध करणारी पद्धत) आम्ही पहिल्यापासून वापरत होतो, मात्र चाव्या सांभाळण्याचे काम माणसांकडे होते. वर्षभर मुदतीची खाजगी चावी प्रत्येक सर्व्हरवर एका फाइलमध्ये पडून असे. एकदा तपासणीत त्यांपैकी एका फाइलची परवानगी ६४४ आढळली. म्हणजे त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कोणालाही ती चावी वाचता येत होती. ती तशी किती दिवस होती, याची नोंद कोणाकडेच नव्हती. त्यानंतर आम्ही सेवांना ओळख आणि चाव्या आपोआप देणारे स्पायर बसवले.

स्पायर हे स्पिफी या सेवांच्या ओळखीसाठीच्या प्रमाणकावर आधारलेले मुक्त स्रोत साधन असून क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनने २०२२ मध्ये त्याला ‘ग्रॅज्युएटेड’ (परिपक्व प्रकल्पाचा) दर्जा दिला. त्यातील मला सर्वाधिक पटलेली गोष्ट ही, की ओळख मिळवण्यासाठी सेवेच्या हाती आधी कोणतेही गुपित द्यावे लागत नाही. सेवा युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरील प्रोग्रॅममधील संवादाच्या वाटेने) त्याच मशीनवरील स्पायरच्या एजंटकडे, म्हणजे सहायक प्रोग्रॅमकडे, मागणी करते. एजंट त्या प्रोसेसचा यूजर आयडी कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) किंवा, सेवा कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत असेल तर, तिच्या पॉडचा (कंटेनरच्या गटाचा) सर्व्हिस अकाउंट कुबरनेटिसकडून पडताळतो आणि तो आपण स्पायरमध्ये आधी केलेल्या नोंदीशी जुळला तरच चावी व प्रमाणपत्र देतो. प्रमाणपत्राची मुदत मूळ सेटिंगमध्ये १ तास असते आणि ती निम्मी सरली की नवी चावी तयार होते. सेवेची चावी डिस्कवर उतरत नाही, त्यामुळे ६४४चा प्रश्नच मिटला.

नोंदी मात्र फार काटेकोरपणे कराव्या लागतात. आम्ही एका नोंदीत यूजर आयडीचा एक आकडा चुकवला आणि ‘नो आयडेंटिटी इश्यूड’ एवढ्या तीन शब्दांवरून ती चूक शोधण्यात दुपार गेली.

जीआरपीसी वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब अवश्य ध्यानात घ्यावी. प्रमाणपत्र फक्त जोडणी होताना तपासले जाते, आणि जीआरपीसीची जोडणी तर दिवसचे दिवस टिकते. त्यामुळे चावी तासाभराची असली, किंवा सेवेची नोंद काढून टाकली, तरी आधी झालेली जोडणी चालूच राहते. आम्ही जीआरपीसी सर्व्हरवर जोडणीचे कमाल वय ३० मिनिटे ठरवले, तेव्हा कुठे छोट्या मुदतीचा खरा लाभ मिळाला. हे काम स्पायर आपल्यासाठी करत नाही आणि ते त्याचे कामही नाही.

चार-पाच सेवांसाठी हा पसारा मांडू नये. सेवा वाढत असतील, तर मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. फक्त स्पायर सर्व्हरची, प्रमाणपत्रांवर सही करणारी चावी नमुना सेटिंगप्रमाणे डिस्कवर न ठेवता पहिल्याच दिवशी केएमएसमध्ये (चाव्या सुरक्षित सांभाळणाऱ्या प्रणालीत) ठेवावी. ती एक चावी गेली, तर बाकी सगळ्या चाव्यांचे अल्पायुष्य निरुपयोगी ठरते.