नव्या पेठेतला ‘अमेरिकेतला वर्णभेद’ वर्ग: पाच रविवार, १२०० रुपये, जरूर जा

काल शेवटचा रविवार झाला आणि ग्रुपवर दोघी-तिघींनी विचारलं की नाव घालावं का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मुलगा-सून फिलाडेल्फियाला असतात, मे महिन्यात मी तीन महिन्यांसाठी जाणार आहे, खरं तर तेवढ्यासाठीच या वर्गाला गेले होते. सकाळी १० ते १२:३०, सगळं मराठीतून, शिकवणाऱ्या बाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका.

पहिल्याच दिवशी बाईंनी सुरुवात आपल्या गंज पेठेतून केली. जोतीरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, आणि आपल्या देशबांधवांनीही तसंच शूद्रांना सोडवावं अशी इच्छा तिथेच लिहून ठेवलीय. मी जन्मापासून पुण्यात, फुलेवाड्यात दोनदा जाऊन आलेय, पण ही अर्पणपत्रिका कधी वाचली नव्हती. मग बाईंनी विचारलं, त्या वर्षी तिकडे काय चाललं होतं? तर १८६५ ला गुलामी कायद्याने संपलेली, १८७० ला काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळालेला, काही जण थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, निवडून गेलेले. पण १८७७ ला केंद्र सरकारने दक्षिणेत या हक्कांच्या राखणीला असलेलं सैन्य मागे घेतलं, आणि मग हळूहळू मत द्यायला कर, लिहिता-वाचता येतं का याची परीक्षा, झाडाला टांगून मारणारे जमाव, आणि १८९६ ला तर सुप्रीम कोर्टानेच काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. जोतीरावांनी ज्यांच्याकडे एवढ्या आशेने बघितलं त्यांनीच चार वर्षांत पाठ फिरवली, घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच चाललं होतं.

तिसरा रविवार मी विसरणार नाही. बाईंनी फिलाडेल्फियाचा जुना नकाशा मोठा प्रिंट करून दोन बाकांवर अंथरला होता, १९३० च्या दशकात सरकारच्या गृहकर्ज संस्थेने काढलेला. हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. प्रत्येक भागाचा एक फॉर्म, त्यात घरांचं वय, डागडुजी यांच्या बरोबरीने ‘निग्रो’ असा रकाना, आहेत की नाहीत आणि किती टक्के. अशा वस्त्यांमधल्या कर्जाला सरकार हमीच देत नव्हतं, त्यामुळे बँका हात आखडायच्या, मग घराला किंमत नाही, आणि तिकडे शाळांचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो म्हणजे शाळाही गरीब. आपल्याकडे आजोबांनी कधीतरी सोसायटीत स्वस्तात घेतलेल्या एका फ्लॅटवर दोन पिढ्यांची शिक्षणं निघतात, तो फ्लॅटच घेऊ दिला नाही तर काय होईल ते बघा. हा भेदभाव बंद करणारा कायदा यायला १९६८ उजाडलं.

मी वाकून बोटाने शोधत होते. दोन वर्षांपूर्वी मुलगा घर बघत होता तेव्हा त्याने एका भागाचं नाव काढलं आणि मीच फोनवर म्हटलं होतं, तिथे नको रे बाबा, तिकडे ते लोक राहतात. तो भाग नकाशावर लाल होता. मला तिथे उभं राहवेना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा बीडहून शिकायला आलेला मुलगा म्हणाला, मॅडम, मी पुण्यात रूम बघत होतो तर सात ठिकाणी आधी आडनाव विचारलं. कोणीच काही बोललं नाही. बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं, चहाची वेळ टळली तरी.

चौथ्या दिवशी आपल्या लोकांचा विषय होता. भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात होते तरी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. १९४६ नंतर तिकडे स्थायिक व्हायला भारताचा कोटा वर्षाला जेमतेम १०० माणसांचा. तो बदलला १९६५ ला, ज्या वर्षी मार्चमध्ये दक्षिणेतल्या सेल्मा गावात मताचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांना पोलिसांनी झोडपलं होतं, ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला आणि त्याच चळवळीच्या रेट्यात ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनचा. आमचे भाऊजी १९७१ ला गेले, घरात कायम म्हणायचे हुशारीवर गेले. हुशार होतेच हो, पण दार कोणी उघडलं हे आमच्याकडे एकदाही कोणी बोललं नाही.

आता तक्रारी. एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाला १९५५ ला मिसिसिपीत मारलं, त्याचा शवपेटीतला फोटो अचानक पडद्यावर आला, एक आजी उठून बाहेर गेल्या. जगाने बघावं ही त्याच्या आईचीच इच्छा होती, ते मला पटतं, पण आधी दोन वाक्यं सांगायला हवी होती. शेवटच्या रविवारी १९६८ ते २०२० एका तासात उरकलं, काळ्या लोकांनी भरलेल्या तुरुंगांचा एवढा मोठा विषय दहा मिनिटांत. मूळ आदिवासींबद्दल तर जवळपास काहीच नाही, ज्यांच्या जमिनीवर हे सगळं घडलं. माइकही मध्ये मध्ये बंद पडतो, पुढे बसा.

पुढची बॅच जूनमध्ये आहे, तेव्हा मी तिकडे असेन, पण नणंदेचं नाव आजच घातलंय.