ऑनलाइन बुद्धिबळासाठी ब्राउझर : कोणता घ्यावा आणि कसा लावून घ्यावा

एक मिनिटाचा बुलेट डाव चाळीस खेळ्यांपर्यंत गेला तर एका खेळीच्या वाट्याला दीड सेकंद येतो. दर खेळीला 100 मिलिसेकंद कुठेतरी गळत असतील तर डावाअखेर चार सेकंद गेलेले असतात, आणि तेवढ्यात प्यादं वजीर करून मात देणारे लोक लिचेस या फुकट बुद्धिबळ संकेतस्थळावर पैशाला पासरी आहेत. म्हणून 'सगळ्यात फास्ट ब्राउझर कोणता?' हे विचारणं साहजिक आहे, पण त्याने फारसं काही हाती लागत नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे पाचही क्रोमियम या एकाच खुल्या पायावर उभे आहेत, त्यामुळे पट रंगवण्याच्या वेगात त्यांच्यात डोळ्याला जाणवेल असा फरक नाही. प्रत्येकाने त्यावर काय काय चढवलंय आणि त्यातलं काय काढता येतं, हे पाहून निवड करावी.

विंडोजवर सरळ क्रोम घ्या, पण रोजच्या वापरातला नको. वर उजवीकडे प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून फक्त बुद्धिबळासाठी नवं प्रोफाइल तयार करा आणि त्यात एकही एक्स्टेन्शन घालू नका. व्याकरण तपासणारी, भाषांतर करणारी, कूपन शोधणारी एक्स्टेन्शन्स पानावर झालेला प्रत्येक बदल वाचत बसतात, आणि चालू डावाच्या पानावर घड्याळ आणि खेळ्यांची यादी सतत बदलत असते. 'माझा लॅपटॉप जुना झाला' या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच मंडळी असतात. डाव चालू असताना इंजिनचं (चालींचं गणित मांडणाऱ्या प्रोग्रामचं) मूल्यमापन दाखवणारं एक्स्टेन्शन तर चुकूनही नको, त्यापायी खातं बंद होतं.

एज तितकाच चांगला आहे. फक्त साइडबार, खरेदीचे सल्ले आणि पहिल्या पानावरच्या बातम्या बंद करायला दहा मिनिटं द्यावी लागतात. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवण्याची सोय मुळातच असल्याने चेस डॉट कॉमवर फुकट खात्याने खेळणाऱ्याला 4 जीबी रॅमच्या मशीनवर फरक लगेच कळतो. लिचेसवर जाहिराती नसतातच, त्यामुळे तिथे हा मुद्दा गैरलागू. फायरफॉक्सची जमेची बाजू म्हणजे त्यात जाहिराती अडवणारं अस्सल यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच उरली आहे. फायरफॉक्समध्ये चाल केल्याचा आवाज येत नसेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ऑटोप्लेला आवाजासकट परवानगी द्या. लिब्रेवुल्फसारख्या फायरफॉक्सच्या कडक आवृत्त्यांत ओळख लपवण्यासाठी टाइमझोनच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगितला जातो. मग अरीना स्पर्धेची वेळ भारतात साडेपाच तास मागे दिसते, आणि ती पाहून आलात तर स्पर्धा सुरू व्हायला साडेपाच तास बाकी असतात.

ऑपेरा आणि विवाल्डीबद्दल एक इशारा. दोन्हींत माउस जेश्चर असतात : उजवं बटण दाबून माउस ओढला की टॅब उघडतो किंवा पान मागे जातं. बुद्धिबळाच्या पटावर उजवं बटण दाबून ओढलं की बाण काढला जातो. घोड्याच्या चालीचा बाण काढायला जावं आणि डावाचं पानच निसटावं, असा तो घोळ. सेटिंग्जमध्ये जेश्चर बंद केल्याशिवाय या दोघांवर रेटिंगचा डाव खेळू नये. ऑपेरातला व्हीपीएनही खेळताना बंदच हवा.

आता टॅब झोपण्याचा प्रकार. यावरून सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जानेवारी 2021 मध्ये आलेल्या क्रोम 88 पासून पाच मिनिटांहून जास्त वेळ नजरेआड असलेल्या आणि आवाज न करणाऱ्या टॅबमधले टायमर (पानाची ठरावीक वेळाने होणारी कामं) मिनिटातून एकदाच चालवले जाऊ शकतात. टॅब नजरेआड जायला दुसरा टॅब उघडावा लागतो असंही नाही. विंडोजवर दुसऱ्या खिडकीने तो पूर्ण झाकला तरी पुरतं. परत आल्यावर घड्याळ एकदम उडी मारतं ते यामुळे. खरं घड्याळ सर्व्हरवर चालू असतं, तुमच्या पडद्यावर त्याचा नुसता आरसा. खरा फटका बसतो स्विस (फेरीनिहाय जोड्या लागणाऱ्या) स्पर्धेत पुढच्या फेरीची वाट पाहताना : मेमरी वाचवणाऱ्या मेमरी सेव्हरने टॅब उतरवून ठेवला तर जोडी लागल्याचा आवाजच येत नाही आणि डाव फुकट जातो. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग परफॉर्मन्स, तिथे 'ऑलवेज कीप दीज साइट्स अ‍ॅक्टिव्ह' या यादीत दोन्ही संकेतस्थळं घाला. एजमध्ये हीच यादी 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स'खाली, झोपणाऱ्या टॅबच्या भागात सापडते. मेमरी सेव्हरला या यादीने आळा बसतो, टायमरवरची बंधनं मात्र तिने सगळी उठतीलच असं नाही. त्यामुळे स्पर्धेची खिडकी अर्धी तरी उघडी ठेवावी. क्रोमचा एनर्जी सेव्हरही पाहून घ्या. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की तो आपोआप सुरू होतो आणि हालचाली अडखळू लागतात.

सोंगटी ओढताना मागे रेंगाळत असेल तर पहिला संशय ग्राफिक्सवर घ्यावा. लिचेसच्या पटावर प्रत्येक सोंगटी हा पानावरचा वेगळा घटक असतो आणि त्याला सरकवण्याचं काम शक्यतो ग्राफिक्स चिपकडे जातं. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम://जीपीयू (इंग्रजी अक्षरांत) टाकून एंटर मारा. वरच्या यादीत 'कंपोझिटिंग'समोर 'सॉफ्टवेअर ओन्ली' दिसलं तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय. सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम' भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन चालू करा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. तरीही तेच दिसत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा लागेल. उलटा प्रकारही होतो : काही जुन्या चिपवर अ‍ॅक्सलरेशन चालू असलं की पट लुकलुकतो. तिथे ते बंद केलेलंच बरं. लिचेसवर पार्श्वभूमीला चित्र लावलं की वरचे सगळे चौकोन पारदर्शक होतात आणि कमकुवत मशीनला ते जड जातं. साधा गडद रंग ठेवा. सोंगट्यांचं अ‍ॅनिमेशन दोन्ही ठिकाणी बंद करता येतं, बुलेटला ते बंदच असावं. पट मोठा करायला कंट्रोल आणि अधिकचं बटण वापरू नका, लिचेसच्या पटाच्या कोपऱ्यातली मूठ ओढा.

विश्लेषणाचा टॅब खेळताना बंद. लिचेसवरचं स्टॉकफिश हे इंजिन तुमच्याच प्रोसेसरवर, ब्राउझरच्या आत वेबअसेंब्लीत चालतं. चार कोअरच्या लॅपटॉपवर इंजिनला चारही थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) दिले की पंखा भणभणतो, चिप तापते आणि ती स्वतःचा वेग उतरवते. विश्लेषण करतानाही एक कोअर मोकळा ठेवा, मूल्यमापनात विशेष काही बिघडत नाही. कधी एकाच थ्रेडवर इंजिन अडकलेलं दिसलं तर ब्राउझरची आवृत्ती तपासा. 2018 मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटीनंतर थ्रेडमध्ये वाटून घ्यायची मेमरी ब्राउझरांनी बंद केली होती, ती नव्या सुरक्षा अटींसह पुढे टप्प्याटप्प्याने परत आली. जुन्या आवृत्तीत ती नसते.

एवढं करूनही खेळी उशिरा पोचत असेल तर दोष ब्राउझरचा नाही. लिचेसवर वर उजवीकडे स्वतःच्या नावावर क्लिक केलं की पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत दिसतो. सर्व्हर फ्रान्समध्ये असल्याने भारतातून तो शंभराच्या पुढेच राहणार, ब्राउझर बदलून तो कमी होत नाही. लिचेस नेटवर्कच्या उशिराची काही भरपाई घड्याळात देतं, तीही मर्यादेतच. पिंग 160 वर स्थिर असेल तर निवांत खेळा. 140 वरून 600 आणि परत 140 अशा उड्या दिसल्या तर वायफाय 2.4 वरून 5 गिगाहर्ट्झवर न्या, शक्य असेल तर केबलच लावा. हॉस्टेल किंवा ऑफिसच्या नेटवर पान उघडतं पण 'रीकनेक्टिंग' जात नाही, तेव्हा बहुतेक वेळा प्रॉक्सी किंवा एचटीटीपीएस तपासणारा अँटिव्हायरस वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) तोडत असतो.

प्रीमूव्हचा, म्हणजे समोरच्याच्या खेळीआधीच लावून ठेवलेल्या चालीचा, हिशोब वेगळा. चेस डॉट कॉमवर एकापुढे एक अनेक प्रीमूव्ह लावता येतात, पण प्रत्येकाला 0.1 सेकंद कापला जातो. लिचेसवर एकच लावता येतो आणि त्याला वेळ लागत नाही.

आयफोनवर ब्राउझर निवडण्यात वेळ घालवू नका. भारतात तिथले क्रोम आणि फायरफॉक्सही आतून सफारीचंच वेबकिट हे इंजिन (पान दाखवणारा गाभा) वापरतात. लो पॉवर मोड तेवढा बंद ठेवा, त्यात हालचाल सेकंदाला 30 फ्रेमवर येते.