पॅरिशची छोटी शाळा की सिस्टरांची मोठी शाळा, पहिलीत घालताना काय बघायचं

ॲडमिशनचे दिवस आले की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, कॅथलिक प्रायमरीत घालायचं हे ठरलंय, पण चर्चला लागून असलेली छोटी पॅरिशची शाळा घेऊ की सिस्टरांची नाहीतर ब्रदरांची मोठी शाळा. माझी मोठी मुलगी पॅरिशच्या शाळेत शिकली, मग आम्ही घर बदललं आणि धाकटा सिस्टरांच्या शाळेत गेला, त्यामुळे दोन्हीकडच्या डायऱ्या, सर्क्युलरं, मिस्सा म्हणजे फादर घेतात ती सामुदायिक उपासना, गॅदरिंग सगळं जवळून बघितलंय. अभ्यासाबद्दल इथे लिहीत नाहीये, त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मी सांगतेय ते शाळेच्या बाकीच्या आयुष्याबद्दल, म्हणजे वर्षभर तिथे काय काय होतं, ते कोण करतं आणि त्यात तुमच्या मुलाला आणि तुम्हाला जागा किती मिळते. प्रायमरीच्या वयात मुलाला शाळा आपली वाटते की नाही हे त्यावरच ठरतं असं माझं आता पक्कं मत झालंय.

आधी फरक समजून घ्या. पॅरिशची शाळा म्हणजे त्या भागातल्या चर्चची शाळा, तिथले फादर बहुतेक वेळा शाळेचेही प्रमुख असतात आणि रविवारी मिस्साला दिसणारे निम्मे चेहरे सोमवारी शाळेच्या गेटवर दिसतात. दुसरी म्हणजे एखाद्या काँग्रिगेशनची, म्हणजे सिस्टरांच्या, ब्रदरांच्या नाहीतर फादरांच्या संघाची शाळा, ज्यांचं कामच मुळात शिक्षण. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी १६८० च्या सुमाराला फ्रान्समध्ये ब्रदरांचा संघ उभा केला, डब्लिनमध्ये कॅथरीन मॅकॉली यांनी १८३१ ला सिस्टर्स ऑफ मर्सी सुरू केल्या, इटलीत डॉन बॉस्कोंचे सालेशियन, अशा कितीतरी. त्यातली कुठली शाळा जास्त कॅथलिक आणि कुठली कमी, असा विचार करू नका, कारण चर्चच्या कायद्यातल्या ८०६ व्या कलमाप्रमाणे काँग्रिगेशनच्या शाळांवरही बिशपची देखरेख असतेच. आणि हो, पॅरिशची शाळा मोठी आणि सिस्टरांची छोटी असंही कुठे कुठे असतं, तेव्हा नावावर जाऊ नका, एका इयत्तेला तुकड्या किती ते विचारा.

आता कॅलेंडर. शाळा बघायला गेलात की माहितीपत्रक देतात, त्यात हसऱ्या मुलांचे फोटो असतात, ते राहू दे, तुम्ही गेल्या वर्षीचं आणि येत्या वर्षाचं कॅलेंडर मागा. कॅथलिक शाळेच्या वर्षात काही तारखा पक्क्या असतात, ४ ऑक्टोबर संत फ्रान्सिस, १ नोव्हेंबर सर्व संतांचा सण, ८ डिसेंबर मरिया मातेचा सण, १९ मार्च संत जोसेफ. आणि काही दरवर्षी हलतात, कारण ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यामध्ये कधीही येतो. २०२५ ला तो २० एप्रिलला होता, २०२७ ला २८ मार्चला येतोय, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी कपाळाला राख लावून सुरू होतो तो राखेचा बुधवार १० फेब्रुवारीलाच. ईस्टर इतका लवकर आला की स्पोर्ट्स डे, परीक्षा, उपवासकाळातले कार्यक्रम सगळं एकमेकांवर येतं. मोठ्या शाळेत हे महिनोन्महिने आधी बसवलेलं असतं, वर्षाच्या सुरुवातीलाच छापील कॅलेंडर हातात मिळतं आणि शक्यतो बदलत नाही. मुलीच्या शाळेत मात्र आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज यायचा की मिस्सा शुक्रवारऐवजी गुरुवारी आहे, कारण फादरांना अंत्यविधीला जायचंय. नोकरी करणाऱ्या आईबापांना याचा खरंच त्रास होतो, मलाही झालाय, दोनदा तिचं वाचन हुकलं माझं आणि ते अजून मनाला लागून आहे.

शाळेचा सण हा दोन्हीकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, पण त्याचा पोत वेगळा असतो. पॅरिशच्या शाळेत तो चर्चच्या संताचा सण, अख्खी वस्तीच येते, शाळेत मूल नसलेल्या आजीआजोबांपासून सगळे. मोठ्या शाळेत सण संस्थेच्या संस्थापकांचा किंवा परंपरेचा असतो, सालेशियनांकडे ३१ जानेवारीला डॉन बॉस्कोंचा, कारण १८८८ ला त्याच दिवशी ते वारले, आणि मर्सीच्या शाळांत २४ सप्टेंबर, कारण १८२७ ला त्या दिवशी डब्लिनमधलं त्यांचं पहिलं घर उघडलं. सेक्रेड हार्टच्या सिस्टरांच्या शाळांमध्ये तर काँजे म्हणून प्रकार आहे, मुलांना न सांगता अचानक एक दिवस अभ्यास बंद आणि दिवसभर खेळ. हे मला फार आवडतं, कारण जगात कुठेही त्या संस्थेच्या शाळेत गेलं तरी मुलाला ती गोष्ट ओळखीची वाटते. तुमची सारखी बदलीची नोकरी असेल तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका, गाव बदललं तरी गाणी, प्रार्थना, संस्थापकांची गोष्ट तीच राहते आणि नवीन शाळेत मूल पहिल्या दिवशी परकं पडत नाही.

पण एकाच दिवसावर दोन्ही शाळा ओळखायच्या असतील तर राखेचा बुधवार बघा. मुलीच्या शाळेत आठवडाभर आधी सांगायचे की गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, घरी नेलेल्या झावळ्या घेऊन या, मग मुलं त्या सुकून पिवळ्या पडलेल्या झावळ्या कागदात गुंडाळून आणायची, फादर मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात त्या जाळायचे आणि सगळी पहिली-दुसरी गोल करून बघत उभी. माझी मुलगी घरी येऊन सांगायची, आई ही राख आपल्या झावळीची पण आहे. धाकट्याच्या शाळेत राख वाटीत तयार येते, मुलं रांगेत शांतपणे जातात, सगळं नीट, वेळेत, एकाही मुलाचा नंबर चुकत नाही, सातशे मुलांना तसंच करावं लागणार हे मला समजतं. पण त्याला ती राख कुठून येते ते मी सांगितलं तेव्हा कळलं.

तेच नाताळच्या नाटकाचं. १२२३ ला संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावात येशूच्या जन्माचा जिवंत गोठा मांडला, तेव्हापासून तो देखावा लोक करत आलेत, प्रायमरीत तर नाटक असतंच असतं. छोट्या शाळेत वीस-बावीस मुलांचा वर्ग असला की प्रत्येकाला काहीतरी मिळतंच, कोणी मेंढपाळ, कोणी तारा, आणि बोलायला घाबरणाऱ्या मुलालाही मेंढी म्हणून का होईना स्टेजवर जागा असते. मोठ्या शाळेत नाटक बघण्यासारखं होतं, लाईट, साउंड, बँड सगळं, पण चार तुकड्यांतून निवड होते आणि बाकीची मुलं कॉयरमध्ये मागच्या रांगेत. धाकटा दोन वर्षं मागच्या रांगेत होता. तिसऱ्या वर्षी टीचरने स्वतःहून त्याला ड्रमवर बसवलं, कारण त्यांच्याकडे ड्रम होते आणि शिकवायला माणूस होता, जे मुलीच्या शाळेत कधीच शक्य नव्हतं. म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं की काहींना भरपूर, असा तो प्रश्न आहे, आणि तुमचं मूल कसं आहे त्यावर उत्तर बदलतं. बुजरं मूल असेल तर मी डोळे मिटून छोटी शाळा सांगेन.

शाळेच्या मिस्साबद्दल थोडं. १९७३ ला व्हॅटिकनने मुलांच्या मिस्सासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली, त्यात मुलांना जास्तीत जास्त काम द्या असंच सांगितलंय, वाचन, गाणं, अर्पण वेदीपर्यंत नेणं. शाळेला विचारा की हे कोण करतं, ठराविक चार हुशार मुलं की वर्गांची पाळी असते. दोन्हीकडच्या शाळा पाळी लावू शकतात, मोठ्या शाळेतही वर्गवार मिस्सा ठेवला की होतं.

आता पालकांचा वेळ, इथे मात्र नीट विचार करा. चर्चच्या कायद्याच्या ७९६ व्या कलमात शिक्षकांनी पालकांचं मनापासून ऐकावं आणि पालकांच्या संघटना किंवा सभा असाव्यात असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे आपण तिथे उपकार म्हणून नसतो. पण छोट्या शाळेत याचा व्यवहारातला अर्थ असा की स्टॉल तुम्ही लावायचे, कपडे तुम्ही शिवायचे, खुर्च्या तुम्ही मांडायच्या आणि परत ढीग लावून ठेवायच्या, आणि फंडरेझिंग वर्षभर सुरूच, रॅफल झाली की वॉकेथॉन. तेच ते आठ-दहा पालक राबतात आणि दमतात, हे मी स्वतः बघितलंय, त्या आठ-दहांत मी होते. पण त्या खुर्च्या मांडताना झालेल्या मैत्रिणी आजही माझ्या सगळ्यात जवळच्या आहेत. मोठ्या शाळेत पीटीएचे प्रतिनिधी निवडलेले असतात, माजी विद्यार्थी मदत करतात, ऑफिसला माणसं असतात, तुम्ही फक्त वेळेवर येऊन बसा. ज्या घरात दोघेही नोकरीला, किंवा एकटी आई एकटा बाप, घरात आजारी माणूस, तिथे ही सोय मोठी आहे आणि ती निवडण्यात कमीपणा काहीच नाही.

एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. माझे सासरे हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मुलगी दुसरीत होती, मी शाळेत फक्त वर्गाच्या टीचरना सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी असेंब्लीत तिच्या आजोबांचं नाव घेऊन प्रार्थना झाली आणि संध्याकाळी फादर हॉस्पिटलमध्ये आले. त्या दिवशी मला कळलं शाळा म्हणजे काय असू शकतं. मात्र हेच दुसऱ्या बाजूने बघा, छोट्या जागी सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि घरातली एखादी गोष्ट तुम्हाला झाकून ठेवायची असेल, घटस्फोट म्हणा नोकरी गेलेली म्हणा, तर तिथे ते अवघड जातं. मोठ्या शाळेत धाकट्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी असं झालं तेव्हा काउन्सेलर सिस्टरनी त्याला दर आठवड्याला वेळ दिला आणि बाकी पालकांना पत्ताही लागला नाही, आम्हाला त्या मुलाच्या आईनेच खूप नंतर सांगितलं.

कॅथलिक घरांसाठी फर्स्ट कम्युनियनचा, म्हणजे मूल मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं त्या दिवसाचा मुद्दा वेगळा. १९१० ला पोप दहावे पायस यांनी वय सातच्या आसपास आणलं, त्यामुळे ते प्रायमरीतच येतं, बहुतेक दुसरी-तिसरीत. पॅरिशच्या शाळेत तयारी, सराव, दिवस सगळं एकाच ठिकाणी आणि वर्गातल्या मित्रमैत्रिणींबरोबर. मोठ्या शाळेत मुलं दहा पॅरिशमधून येतात, तेव्हा तयारी पुष्कळदा आपापल्या चर्चमध्ये, म्हणजे रविवारचा वर्ग वेगळा आणि त्या दिवशी शेजारी उभं असलेलं मूल शाळेतलं नसतं. काही शाळा स्वतः घेतात, फॉर्म भरायच्या आधी विचारून ठेवा.

कॅथलिक नसलेल्या घरांना माझं सांगणं थोडं उलटं आहे. मोठ्या शाळेत बहुधा वेगवेगळ्या धर्मांची मुलं जास्त असतात, त्यामुळे मिस्साच्या वेळी काय करायचं याची रीत बसलेली असते. कम्युनियन फक्त कॅथलिक मुलं घेतात, बाकीची जागेवर बसतात किंवा काही ठिकाणी हात छातीवर घेऊन आशीर्वादाला जातात, राख मात्र कोणालाही लावून घेता येते. पॅरिशच्या शाळेत तुमचं एकटंच मूल बाकावर बसून राहणार असेल तर ते आधी माहीत असलेलं बरं, मुख्याध्यापिकेला सरळ विचारा की अशी आणखी किती मुलं वर्गात आहेत आणि तेव्हा त्यांच्याजवळ कोण बसतं. प्रश्नाला लगेच उत्तर आलं तर त्यांनी आधी विचार केलेला आहे असं समजा.

आजीआजोबांचा दिवस दोन्हीकडे होतो, येशूचे आजीआजोबा संत योआकिम आणि अ‍ॅना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याला धरून किंवा शाळेच्या सोयीने. यात मला फार फरक दिसला नाही, दोन्ही ठिकाणी सासूबाई रडल्याच.

मला सरळ विचाराल तर, चर्च चालत जाण्याइतकं जवळ, घरातलं एक माणूस महिन्यातून दोन-तीन वेळा शाळेला वेळ देऊ शकतं, मूल बुजरं किंवा एकुलतं एक, असं असेल तर पॅरिशची शाळा घ्या, निदान चौथीपर्यंत. बदलीची नोकरी, वेळेची ओढाताण, मुलाला संगीत नाहीतर खेळाची खरी ओढ, किंवा घरचा धर्म वेगळा, तर मोठी शाळा, आणि तिथे वर्गाच्या टीचरशी पहिल्या महिन्यातच ओळख वाढवा, कारण तिथली आपुलकी वर्गात असते, स्टेजवर शोधू नका.

फॉर्म भरायच्या आधी दोन्हीकडे एकेकदा शाळेच्या मिस्साच्या दिवशी जा, परवानगी मागितली तर बहुतेक देतात. मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका, दहा मिनिटं गेटपाशी थांबा आणि बघा, फादर नाहीतर सिस्टर मुलांना नावाने हाक मारतात का, पालक एकमेकांशी बोलत थांबतात की गाड्यांकडे पळतात, आणि एखादं मूल रडत असेल तर त्याच्याकडे पहिलं कोण जातं.