तिसरी-चौथीचं लेखन: वर्षाचं नियोजन प्रकारांनी, सणांनी की रोजच्या वहीनं?

जूनमध्ये मुख्याध्यापक वार्षिक नियोजन मागतात, तेव्हा मराठीच्या रकान्यात 'लेखन' सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत भरलं जातं. सोलापुरात तिसरी-चौथीला शिकवणाऱ्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली म्हणजे महिन्याला एक लेखनप्रकार: चित्रवर्णन, पत्र, मुद्द्यांवरून गोष्ट, निबंध. दुसरी सण आणि दिनविशेष धरून चालते. तिसरी, रोज दहा मिनिटांची वही. यातली कुठली निवडायची हे ठरवण्याआधी जरा वेळेचा हिशोब करा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस शाळा भरायला हवी. शनिवार धरला तर हे ३३-३४ आठवडे होतात. आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका लेखनाला दिली, तर वर्षभरात जेमतेम १९ तास हाती लागतात. त्यातही मुलं प्रत्यक्ष लिहीत असतात तो वेळ निम्मा, बाकीचा आपल्या सूचनांचा. रोजची दहा मिनिटं मात्र वर्षाअखेर ३३ तासांवर जातात.

प्रकारवार नियोजनाचा मोठा फायदा म्हणजे ते कागदावर देखणं दिसतं. घटक नियोजनात बसतं, संकलित मूल्यमापनाला म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला जुळतं, टाचण म्हणजे पाठाची लेखी तयारी काढायला सोपं जातं. नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाला त्याचा आधार वाटतो आणि त्यात चूक काहीच नाही. अडचण मजकुराची आहे. मूल पत्राचा सांगाडा शिकतं, आतलं सगळं फळ्यावरून उतरवतं. मामाला चाळीस पत्रं जातात आणि चाळीसही मुलं 'खुशाल' असतात. शिवाय ऑगस्टमध्ये संपवलेलं पत्र पुन्हा थेट परीक्षेतच भेटतं, मधल्या काळात ते कुणी लिहीतच नाही.

सणवार आणि दिनविशेषांची वाट सोलापूरकराला मोहात पाडणारी आहे, कारण इथं सामग्रीची ददात नाही. माळशिरस, अकलूजकडच्या मुलांच्या दारावरून आषाढीच्या पालख्या जातात. शहराच्या पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, १९३१ साली त्यांना फाशी झाली. पाठोपाठ संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तिच्यात बाराबंदी हा पांढरा पोशाख घातलेली माणसं नंदीध्वज म्हणजे उंच काठ्या पेलत नेतात. एवढं असूनही वहीत काय उतरतं? 'आमच्या गावची यात्रा खूप प्रसिद्ध आहे. तेथे खूप गर्दी असते. मला यात्रा खूप आवडते.' दोष मुलांचा नाही, विषयच फार मोठा दिला. 'गड्डा यात्रा' म्हणण्याऐवजी 'बाराबंदी घातलेला माणूस नंदीध्वज पेलताना काय काय करतो, ते पाच वाक्यांत लिही' म्हटलं की मूल आठवू लागतं. जे यात्रेला गेलं नाही त्याला आकाशपाळणा द्या, नाहीतर त्या दिवशी गल्लीत काय चाललं होतं ते विचारा. सगळ्या घरांचे सण एक नसतात, हे या नियोजनात पटकन विसरलं जातं.

आणखी एक गोची. छापील दिनविशेषांत जून-जुलै म्हणजे 'पावसाळा'. सोलापुरात खरा जोराचा पाऊस बहुतेक सप्टेंबरचा! बाहेर धूळ उडत असताना मुलं 'नद्या दुथडी भरून वाहतात' लिहितात. हा विषय सरळ तीन महिने पुढे ढकला. आणि ज्या आठवड्यात सण किंवा दिनविशेष नसतो, तेव्हा या पद्धतीत लेखन आपोआप थांबतं.

रोजच्या वहीचा नियम एकच: आज पाहिलेलं, ऐकलेलं किंवा खाल्लेलं काहीतरी. फळ्यावर मजकूर नाही. तिसरीतलं मूल सुरुवातीला दोन ओळींवर अडतं, 'मी शाळेत आलो' इथंच थांबतं. तिथं शिक्षकानं एक प्रश्न विचारायचा: येताना कोण भेटलं? मग विड्यांचा हिशोब करणारी आजी येते, टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून झोपलेले बाबा येतात, हुरड्याला मामाच्या शेतात गेल्याचं येतं. निबंधाच्या पुस्तकात यातलं काहीच सापडणार नाही.

इथल्या वर्गांत घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड, बऱ्याच घरांत उर्दू-दखनी. प्रकारवार पद्धतीत ही मुलं हमखास मागे पडतात, कारण तिथं प्रमाण मराठीतलं पाठ केलेलं वाक्यच चालतं. वहीत 'पाणी आला', 'काय करलालास' असं येईल. येऊ द्या. लिंगाची चूक लाल शाईनं गोल करत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी तेच वाक्य नीट करून वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. आठवड्याला एकच गोष्ट सुधारायची: या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात जोडाक्षरं.

तपासणीचं ओझं ही वहीवरची खरी हरकत. चाळीस वह्या रोज तपासणं कुणालाच जमत नाही, तेव्हा रोज आठ घ्या. पाच दिवसांत फेरी पूर्ण होते. तपासायचं म्हणजे शेवटी एक प्रश्न लिहायचा, 'मग आजी काय म्हणाली?' एवढाच. श्रुतलेखन आणि अनुलेखन (पाहून लिहिणं) वेगळ्या वहीत चालू ठेवा. या वहीला गुण दिलेत की मुलं पुन्हा 'खुशाल' लिहायला लागतील.

माझा कौल रोजच्या वहीला आहे, पण ती एकटी पुरत नाही. नुसत्या वहीवर वाढलेलं मूल भरभर लिहितं, पण गोष्टीला शेवट देत नाही आणि पत्रात तारीख विसरतं. म्हणून दिवाळीपर्यंत वही आणि चित्रवर्णन, दुसऱ्या सत्रात वही, पत्र आणि गोष्ट. प्रकार कमी घ्या, पण वहीतलाच मजकूर त्यांत घाला: रात्रपाळीची नोंद होती, तिचंच बाबांना पत्र होतं. सणांतले दोन-तीनच उचला, तेही आपल्या वस्तीतले.

वर्ग पहिल्यांदाच हातात आला असेल आणि पट पन्नासच्या वर असेल, तर पहिलं सत्र प्रकारवार चालवा आणि वही आठवड्यातून दोनदाच ठेवा. द्विशिक्षकी शाळेत उलट: एका इयत्तेला शिकवताना दुसरीला कामात ठेवायला वहीसारखं सोयीचं काही नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की तासिका आखडतात, म्हणून वही परिपाठानंतर लगेच घ्या. शेवटच्या तासाला उन्हानं कुणाचाच हात चालत नाही. आणि नियोजनाच्या तक्त्यात 'रोजची वही' हा रकाना नसतोच, तेव्हा ती आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदींत दाखवा. तिथं मुलाचं जूनचं पान आणि मार्चचं पान शेजारी ठेवलं की तपासणीला आलेले साहेब वेगळा पुरावा मागत नाहीत.