बिग पिंक की क्रीडन्स : १९६८ च्या दोन पदार्पणांपैकी आधी कोणते ऐकावे?

ब्लूज, कंट्री, गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीते) आणि पन्नासच्या दशकातील रॉक अँड रोल या जुन्या अमेरिकी संगीताच्या पायावर उभे राहिलेले रॉक म्हणजे रूट्स रॉक. या प्रकाराशी ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या श्रोत्यापुढे १९६८ साली आलेले दोन पहिले अल्बम हमखास ठेवले जातात : 'द बँड' या बँडचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' आणि 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल'चा त्याच नावाचा अल्बम. दोन्ही पदार्पणे असली तरी वाजवणारे नवखे नव्हते. कॅलिफोर्नियातील एल सेरिटोचे जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड शाळेपासून एकत्र वाजवत होते. जॉनचा थोरला भाऊ टॉम त्यांना येऊन मिळाला आणि 'ब्लू व्हेल्व्हेट्स', मग 'गॉलीवॉग्ज' अशी नावे बदलत हा चमू १९६८ पर्यंत आला. दुसरीकडे, 'द बँड'चे पाचही जण रॉक अँड रोल गायक रॉनी हॉकिन्सच्या साथीला 'हॉक्स' म्हणून तयार झाले आणि पुढे गायक-गीतकार बॉब डिलनचे साथीदार झाले.

हॉकिन्स हे आडनाव दोन्ही अल्बमांना जोडते. क्रीडन्सच्या अल्बममधील सर्वांत गाजलेले 'सूझी क्यू' हे मूळचे डेल हॉकिन्सचे, १९५७ सालचे गाणे आणि हा डेल म्हणजे रॉनीचा चुलतभाऊ. (त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्याचा मूळ गायक स्क्रीमिन जे हॉकिन्स याचा मात्र या भावांशी आडनावापलीकडे संबंध नाही.) गंमत अशी, की अमेरिकेच्या ज्या दक्षिणेच्या मातीतून हे संगीत आले, तेथला या दोन्ही बँडांत मिळून एकच माणूस होता : आर्कान्साचा ड्रमवादक लीव्हॉन हेल्म. रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन हे कॅनडातील ओंटारिओचे.

फरक आहे तो प्रभाव पचवण्याच्या पद्धतीत. क्रीडन्सच्या अल्बममध्ये आठच गाणी आहेत आणि त्यांतील तीन दुसऱ्यांची आहेत. 'आय पुट अ स्पेल ऑन यू', 'सूझी क्यू' आणि विल्सन पिकेटचे 'नाइन्टी-नाइन अँड अ हाफ' या तिन्हींत मूळ कोठून आले हे झाकण्याचा प्रयत्न नाही. उलट जॉन फोगर्टीचा खरखरीत, ताणलेला आवाज त्या मुळांना अभिमानाने पुढे करतो. 'सूझी क्यू' साडेआठ मिनिटांहून अधिक चालते. रिदम गिटार, बास आणि ड्रम एकाच ठेक्यावर न हलता बसून राहतात, त्यावर मुख्य गिटार भटकते आणि मध्येच गायकाचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा बारीक होतो. एवढी लांबी सॅन फ्रान्सिस्कोच्या तत्कालीन, लांबलचक वादन आवडणाऱ्या वातावरणाला साजेशी होती, पण ठेक्याची शिस्त या चौघांची स्वतःची होती. सिंगलसाठी (एका गाण्याच्या छोट्या तबकडीसाठी) हे गाणे दोन बाजूंवर तोडावे लागले, तरी ते अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. स्वतःच्या गाण्यांपैकी 'पोर्टरव्हिल'मध्ये पुढचा फोगर्टी दिसतो. बाकीची ऐकायला बरी आहेत, इतकेच म्हणता येईल.

'बिग पिंक'वर जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो सार्थकी लागतो. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या वेस्ट सॉगर्टीजमधील एका गुलाबी घरावरून हे नाव आले. १९६७ मध्ये त्या घराच्या तळघरात डिलन आणि ही मंडळी जुनी-नवी गाणी वाजवत असत. अल्बमचे ध्वनिमुद्रण मात्र निर्माता जॉन सायमनबरोबर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत झाले. डिलनचा वाटा तीन गाण्यांत आहे, मुखपृष्ठावरचे चित्रही त्याचेच. तरीही हा अल्बम त्याची सावली वाटत नाही. येथे उघडपणे उसने घेतलेले कंट्री गाणे एकच, 'लाँग ब्लॅक व्हेल'. बाकी ठिकाणी गॉस्पेल, सोल आणि कंट्री इतके एकमेकांत मुरले आहेत की बोट ठेवून वेगळे काढता येत नाहीत. 'चेस्ट फीव्हर'च्या सुरुवातीला तर हडसनचे ऑर्गन बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या 'टोकाटा' या ऑर्गनरचनेपासून निघते.

'द वेट' लक्ष देऊन ऐकावे. पालुपदाच्या शेवटी आवाज एकदम मिळत नाहीत, तर एकामागून एक पायरी चढावी तसे येतात. भजनात टाळकऱ्यांनी एकेक करून अभंग उचलावा, तसा तो परिणाम आहे. त्या सुरांमागे स्टेपल सिंगर्सच्या गॉस्पेलचा संस्कार स्पष्ट आहे. गाण्यातील नाझरेथ हे गाव बायबलमधले वाटते, पण ते पेनसिल्व्हेनियातील, मार्टिन गिटारचा कारखाना असलेले गाव आहे. अल्बमची सुरुवातच 'टिअर्स ऑफ रेज' या संथ, शोकाकुल गाण्याने होते. गिटारवादकांच्या चढाओढीच्या त्या काळात हे धाडसच होते. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने आपला 'क्रीम' हा बँड सोडण्याचा विचार केला त्यात या अल्बमचा वाटा होता, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

तेव्हा निवड अशी करावी. गिटार शिकणाऱ्याने, किंवा मूळ गाणे आणि त्याचे नवे रूप शेजारी ठेवून प्रभाव कसा काम करतो हे समजून घेऊ पाहणाऱ्याने क्रीडन्सपासून सुरुवात करावी. डेल हॉकिन्सचे 'सूझी क्यू' आणि क्रीडन्सचे, लागोपाठ ऐकले की पुष्कळ कळते. एकच अल्बम विकत घ्यायचा असेल, तर माझे मत निःसंशय 'बिग पिंक'ला आहे, कारण तो पूर्ण अल्बम म्हणून उभा राहतो. मात्र पहिल्या दोन-तीन ऐकण्यांत तो मंद आणि गढूळ वाटण्याची शक्यता आहे. २०१८ मध्ये बॉब क्लिअरमाउंटनने केलेल्या नव्या ध्वनिमिश्रणात (मिक्समध्ये) प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते, तरी आधी जुनेच मिश्रण घ्यावे. त्या गढूळपणात आवाज एकमेकांना टेकून उभे आहेत. मागताना नावही नीट सांगावे, कारण १९६९ चा दुसरा अल्बम नुसता 'द बँड' या नावाचा आहे. आणि 'प्राउड मेरी' ऐकून क्रीडन्सकडे वळलेल्यांना ते गाणे या पहिल्या अल्बमवर सापडणार नाही. त्यासाठी १९६९ चा 'बायू कंट्री' घ्यावा लागेल.